स्टारड्यू व्हॅलीत ओळखीपासून लग्नापर्यंत कसं जायचं

२०१६ साली आलेल्या स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये १२ पात्रांशी लग्न करता येतं, बाकीच्यांशी मैत्री. हिशोब सगळ्यांचा सारखाच: मैत्रीचे २५० गुण म्हणजे एक हार्ट. महागड्या भेटवस्तूपेक्षा इथे नियमितपणा जास्त कामाला येतो.

१. रोज बोला. एकदा बोललं की २० गुण मिळतात, बोलायचं राहिलं तर २ जातात. सुरुवातीला एकदोन जणच निवडा आणि शेतातून निघताना त्यांच्या वाटेने जा. काहींच्या खोलीचं दार २ हार्ट होईपर्यंत उघडत नाही, तोवर बाहेरच गाठा.

२. भेटवस्तू द्या. आठवड्याला दोन, एका दिवशी एकच. आठवडा रविवारी सुरू होतो. अतिशय आवडती वस्तू ८० गुण देते, आवडती ४५, नावडती २० कापते आणि तिरस्काराची ४०. सलूनमध्ये (म्हणजे गावातल्या बारमध्ये) लीआसाठी सॅलड २२० गोल्डला (गेममधल्या पैशांत) मिळतं, हार्वीसाठी कॉफी ३०० ला. ॲबिगेलसाठी खाणीतले ॲमेथिस्ट विकू नका, पेटीत ठेवा. रोज बोलणं आणि दोन अतिशय आवडत्या भेटी मिळून आठवड्याला ३०० गुण होतात, म्हणजे ८ हार्टना साधारण ७ आठवडे. महाग वस्तू सगळ्यांनाच चालते असं मात्र समजू नका: प्रिझमॅटिक शार्ड हेलीला अजिबात खपत नाही, रॅबिट्स फूट पेनीला.

३. वाढदिवस चुकवू नका. त्या दिवशी भेटीचे गुण आठपट होतात. ८० चे ६४०, म्हणजे अडीच हार्टहून जास्त! गोल्ड दर्जाची वस्तू असेल तर ८००. आठवड्याच्या दोन भेटी देऊन झाल्या असल्या तरी वाढदिवसाची वेगळी देता येते. गावातल्या पिएरच्या दुकानाबाहेरचं कॅलेंडर महिन्याच्या पहिल्याच दिवशी बघून ठेवा (इथे ऋतू हेच महिने). ॲबिगेलचा फॉल १३, सेबॅस्टियनचा विंटर १०.

४. हार्ट इव्हेंट, म्हणजे ठरावीक हार्टला दिसणारे त्या पात्राचे खास प्रसंग, गाठा. हार्ट भरले म्हणून प्रसंग आपोआप दिसत नाही. जागा, वेळ आणि हवामान जुळावं लागतं. पेनीचा २ हार्टचा प्रसंग पाऊस नसताना सकाळी ९ ते दुपारी २ मध्ये गावात शिरलं तरच दिसतो.

५. ८ हार्टवर बुके द्या. तो दिला नाही तर लग्नाळू पात्रांची हार्टची पट्टी इथेच अडते, आणि पुढच्या भेटी वाया जातात. बुके पिएरकडे २०० गोल्डला मिळतो. बुधवारी दुकान बंद असतं. बुके दिल्यावर नातं जास्त नाजूक होतं: न बोललेल्या दिवसाला ८ गुण जातात.

६. १० हार्टवर मागणी घाला. त्याआधी घर एकदा वाढवलेलं हवं (१०,००० गोल्ड, ४५० लाकूड). मागणी घालायला लागणारं मर्मेड्स पेंडंट ५,००० गोल्डला समुद्रकिनाऱ्यावरचा म्हातारा खलाशी विकतो, तेही पावसाच्याच दिवशी, आणि किनाऱ्याच्या पूर्व भागात. तिथला मोडका पूल ३०० लाकडांनी आधीच दुरुस्त करून ठेवा. विंटरमध्ये पाऊस पडत नाही, म्हणून फॉल संपायच्या आत पेंडंट घ्या. पाऊस रुसलाच तर आदल्या दिवशी रेन टोटेम ही पाऊस आणणारी वस्तू वापरा. होकार मिळाल्यावर लग्न तीन दिवसांनी.

लग्नानंतर जोडीदाराला रोज एक भेट देता येते. बोलणं टाळलं तर दिवसाला २० गुण जातात, म्हणून सकाळी शेतावर जाण्याआधी दोन शब्द बोलून मगच निघा.