ड्युप्लेक्स स्टेनलेस स्टील : निवड, पारख आणि वेल्डिंग

स्टेनलेस स्टीलचा पत्रा घेताना खिशातून लोहचुंबक काढून तो चिकटतो का हे पाहण्याची सवय नागपुरात इतवारीच्या लोहाओळीपासून हिंगणा एमआयडीसीपर्यंत अनेकांना आहे आणि ३०४ किंवा ३१६ या नेहमीच्या ग्रेडपुरती ती बऱ्यापैकी उपयोगीही पडते, कारण त्यांना चुंबक सहसा धरत नाही. ड्युप्लेक्स मात्र अस्सल असूनही चुंबकाला धरते, कारण त्याच्या अंतर्रचनेत साधारण निम्मा भाग फेराइटचा (चुंबक धरणारी स्फटिकरचना) आणि निम्मा ऑस्टेनाइटचा (चुंबक न धरणारी स्फटिकरचना) असतो. म्हणून चुंबक मुळीच न धरणारा माल ड्युप्लेक्स नव्हे एवढे खात्रीने म्हणता येते. पण चुंबक धरतो म्हणून तो ड्युप्लेक्सच, असे म्हणता येत नाही, कारण ४३० सारखा स्वस्त पत्राही चुंबकाला तसाच धरतो. खरी पारख मिल टेस्ट सर्टिफिकेटवरील (कारखान्याच्या चाचणी दाखल्यावरील) हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या ओतीचा क्रमांक, प्लेटवरच्या नंबराशी ताडून पाहण्यात आणि शंका असल्यास रासायनिक पृथक्करण करून घेण्यात आहे.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या २२०५ या ग्रेडमध्ये क्रोमियम सुमारे २२ टक्के, निकेल ५ ते ६ टक्के, मॉलिब्डेनम ३ टक्क्यांहून थोडे अधिक आणि नायट्रोजन ०.१४ ते ०.२० टक्के असते. क्लोराइडमुळे पडणाऱ्या छिद्रांना धातू किती दाद देणार नाही याचा अंदाज बांधण्यासाठी क्रोमियमची टक्केवारी, मॉलिब्डेनमची ३.३ पट आणि नायट्रोजनची १६ पट यांची बेरीज करतात. ही बेरीज ३१६ एलसाठी (३१६ चा कमी कार्बनचा प्रकार) २४ ते २५ च्या आसपास, २२०५ साठी ३५ च्या आसपास आणि २५०७ या सुपर ड्युप्लेक्ससाठी ४० च्या वर जाते. ताकदीचा फरक याहून ठळक आहे : ३१६ एलची किमान यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) १७० मेगापास्कल धरली जाते, तर २२०५ ची ४५०.

हे आकडे पाहून सर्वत्र ड्युप्लेक्सच वापरावे असे वाटू शकते, परंतु तो मोह आवरावा. पिण्याच्या गोड पाण्याच्या टाकीला किंवा हॉटेलच्या ओट्याला ३०४ पुरते. ड्युप्लेक्सचा खरा उपयोग क्लोराइड, उष्णता आणि ताण हे तिन्ही एकत्र येतात तेथे आहे, कारण अशा ठिकाणी, विशेषतः तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर, ३०४ आणि ३१६ ला ताणाखाली भेगा पडण्याचा धोका असतो आणि ड्युप्लेक्स तो बऱ्याच अंशी टाळते. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला पुरवले जाते. असे पाणी कूलिंग टॉवरमधून वारंवार फिरताना बाष्पीभवनाने आटत जाते आणि त्यातील क्लोराइडचे प्रमाण वाढत राहते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे भूजल खारट आहे, आरओ (पाणी गोडे करणाऱ्या) यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याचीही हीच गत असते. अशा पाण्याचे पाइप, पंप आणि हीट एक्स्चेंजर यांसाठी ड्युप्लेक्सचा विचार अवश्य करावा.

ताकद दुपटीहून अधिक असल्याने दाबाच्या टाकीची जाडी कमी करता येते. मात्र जेथे प्रश्न वाकण्याचा किंवा लवण्याचा असतो तेथे हा लाभ मिळत नाही, कारण दोन्ही प्रकारच्या स्टीलचा लवचिकतेचा गुणांक (ताणाखाली धातू किती लवतो याचे माप) जवळपास सारखाच आहे. पत्रा वाकवताना प्रेसला अधिक जोर लागतो आणि पत्रा परतही अधिक उसळतो, हे आधीच हिशेबात धरावे. वापराचे तापमान सतत ३०० अंशांच्या वर राहणार असेल तर ड्युप्लेक्सचे नाव काढू नये, कारण ४७५ अंशांच्या आसपास फेराइट ठिसूळ होत जाते आणि ही क्रिया त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही संथपणे चालू राहते.

खरी कसोटी वेल्डिंगची आहे. जोड फार सावकाश थंड झाला तर ७०० ते ९५० अंशांच्या टप्प्यात सिग्मा नावाचा ठिसूळ घटक तयार होतो आणि गंजरोधकता खालावते; फार झपाट्याने थंड झाला तर ऑस्टेनाइट तयार व्हायला वेळच मिळत नाही आणि फेराइटचे प्रमाण वाढते. म्हणून २२०५ साठी उष्णता दर मिलिमीटरला साधारण ०.५ ते २.५ किलोज्यूल इतकी ठेवावी, दोन पासमधील (वेल्डिंगच्या एकावर एक थरांमधील) तापमान १५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि प्रीहीट, म्हणजे आधी तापवणे, करू नये; पावसाळ्यात प्लेटवर दमटपणा असल्यास तो सुकवण्यापुरतीच ऊब द्यावी. फिलर (जोडात वितळवून भरायची तार) नेहमी २२०९ वापरावा, कारण त्यातील सुमारे ९ टक्के निकेल जोडात ऑस्टेनाइट टिकवते. टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडचे वेल्डिंग) करताना संरक्षक वायू आर्गॉनमध्ये सुमारे २ टक्के नायट्रोजन मिसळल्यास जोडातून निसटणाऱ्या नायट्रोजनची भरपाई होते, आणि पाइपच्या आतून पर्जिंग करणे (आतली हवा काढून निष्क्रिय वायू भरणे) तर टाळूच नये.

नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली, जोड १५० अंशांवर उतरायला हिवाळ्यापेक्षा बराच वेळ लागतो. एका कामात मुदत गाठण्याच्या घाईत आमच्या वेल्डरने सर्व पास न थांबता ओढले. जोड दिसायला सुबक होता, पण काही महिन्यांतच त्याच्या कडेने पाणी पाझरू लागले. त्यानंतर तापमान दाखवणारा खडू जोडावर ओढून पाहिल्याशिवाय पुढचा पास सुरू करायचा नाही, असा नियम आम्ही केला. घाईचा वेल्डर कितीही कुशल असला तरी ड्युप्लेक्सवर त्याला एकटे सोडू नये, असे माझे मत आहे.

काम संपल्यावर जोडावरील निळसर-तपकिरी झाक पिकलिंग पेस्टने (आम्लयुक्त लेपाने) काढावी. ३१६ च्या तुलनेत पेस्टला येथे अधिक वेळ लागतो. साध्या लोखंडावर वापरलेला ब्रश किंवा ग्राइंडिंगची चकती या कामाला लावू नये. फेराइट मोजण्याच्या यंत्रावर जोडातील प्रमाण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान यायला हवे. उरलेले तुकडे ग्रेड लिहून वेगळे ठेवावेत, नाहीतर चुंबक धरतो म्हणून भंगारवाला ते साध्या लोखंडाच्या भावाने उचलून नेईल.