ग्राफीनओएसवर अ‍ॅप चालत नाही? आधी या चुका टाळा

गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस (अँड्रॉइडवर आधारलेली, सुरक्षेवर भर देणारी सिस्टिम) टाकलं की त्याच संध्याकाळी मला फोन येतो: "बँकेचं अ‍ॅप चालत नाहीये, रूट करून बघू का?" रूट करणं म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणं. नका करू.

याच घाईत माझ्या मेहुण्याने भाचीच्या बारशाचे फोटो घालवले. त्याने बँकेचं अ‍ॅप वेगळ्या प्रोफाइलमध्ये (त्याच फोनवरच्या दुसऱ्या युजर खात्यात) ठेवलं होतं. विचार चांगलाच होता. पण यूपीआयची नोंदणी करताना अ‍ॅप तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवतं आणि दुसऱ्या प्रोफाइलला कॉल-एसएमएसची मुभा सुरुवातीला बंद असते. एसएमएस जाईना. तीनदा नोंदणी फसल्यावर बँकेने दिवसभरासाठी दार बंद केलं. मला विचारायच्या आधी पठ्ठ्याने एक व्हिडिओ बघून रूट करण्यासाठी बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्राम) अनलॉक केला. तो अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो, आणि बॅकअप नव्हता. मुख्य प्रोफाइलच्या युजर सेटिंगमध्ये जाऊन कॉल-एसएमएसचं एक बटण चालू केलं असतं तर काम झालं असतं. तेव्हापासून मी यूपीआयचं अ‍ॅप मुख्य प्रोफाइलमध्येच ठेवते.

अ‍ॅप उघडताच बंद पडतं? ग्राफीनओएस मेमरीच्या बाबतीत कडक आहे, त्यामुळे इतर फोनवर खपून जाणाऱ्या चुका इथे उघड्या पडतात. त्या एकाच अ‍ॅपपुरता एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन कम्पॅटिबिलिटी मोड चालू करा. सगळ्या फोनचं संरक्षण सैल करू नका.

नोटिफिकेशन येत नाहीत? बरीच अ‍ॅप त्यासाठी गूगलच्या सेवेवर विसंबून असतात. गूगल प्ले हवंच असेल तर ग्राफीनओएसच्या स्वतःच्या अ‍ॅप स्टोअरमधून घ्या, कुठल्यातरी साइटवरची एपीके (अ‍ॅपची फाइल) नको. इथे ते साध्या अ‍ॅपसारखं सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी फोनपासून वेगळ्या कुंपणात राहतं, म्हणून ते मागे चालू राहावं यासाठी प्ले सर्व्हिसेसला बॅटरीची अनरिस्ट्रिक्टेड परवानगी मात्र द्या.

बूटलोडर उघडा ठेवून फोन वापरणं तर मला बघवत नाही. इन्स्टॉल झाल्यावर लगेच लॉक करा, डेटा भरण्याआधी, कारण लॉक करतानाही फोन पुसला जातो.

एवढं करूनही काही अ‍ॅप अडतातच. प्ले इंटिग्रिटीची (फोन विश्वासू आहे का हे अ‍ॅपला सांगणाऱ्या गूगलच्या तपासणीची) वरची पातळी मागणाऱ्या अ‍ॅपला गूगलने प्रमाणित केलेली सिस्टिमच लागते. लॉक केलेला, अद्ययावत ग्राफीनओएसही तिथे नापास होतो. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. तरी या तपासणीला चकवणारी मोड्यूलं (सिस्टिमला जोडायचे तुकडे) टाकू नका, त्यांना रूट लागतं आणि पुढच्या अपडेटला ती कोलमडतात. बँकेला तक्रार लिहा, ग्राफीनओएसची हार्डवेअर अटेस्टेशनची (सिस्टिम खरी असल्याचा फोनच्या हार्डवेअरने दिलेल्या पुराव्याची) माहिती सोबत जोडा, आणि तोवर त्या बँकेचं काम ब्राउझरमधून करा.