तुमचं मत आधीच कुणी टाकलं असेल तर

"मावशी, तुमचं मत झालंय. जावा घरी." ७ मे २०२४, लोकसभेचं मतदान, आमचा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला बूथ. शेजारच्या आक्कांच्या बोटाला शाई नव्हती, हातात ओळखपत्र होतं, तरी त्या मुकाट्यानं वळल्या. मी एका उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणून आत बसलेलो. जागेवरनंच हाक मारली, "आक्का, थांबा."

पहिली गोष्ट हीच. बूथ सोडायचा नाही. केंद्राध्यक्षांसमोर जाऊन स्पष्ट म्हणायचं, "मला टेंडर मत द्यायचंय." आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल तर कागदावर द्यायचं ते हे मत; निवडणूक नियम ४९-पी मध्ये त्याची सोय आहे. ते वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर नंबर विचारतील. खात्री पटली की यादीवर तुमची सही किंवा अंगठा घेऊन कागदी मतपत्रिका देतात. आडोशाला जाऊन शिक्का मारायचा, घडी घालून त्यांच्याच हातात द्यायची. ते वेगळ्या पाकिटात ठेवतात. मशीनचं बटण मात्र मिळत नाही.

आता कटू भाग. ते पाकीट मतमोजणीला उघडत नाहीत. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत कुणी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली आणि न्यायालयानं सांगितलं, तरच त्या मताला किंमत. 'टेंडर मतं १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान होतं' हा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज खोटा आहे. 'यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून मत देता येतं' हाही खोटा. यादीत नाव नसेल तर त्या दिवशी कुठलाच कायदा तुम्हाला आत नेत नाही. म्हणून आधीच १९५० वर फोन करून नाव बघा. नसेल तर नमुना ६ चा अर्ज भरा, पत्ता बदलला असेल तर नमुना ८ चा.

मग टेंडर मत द्यायचंच कशाला? कारण तुमच्या नावावर चोरी झाली याचा सरकारी कागदावर दुसरा पुरावा राहत नाही. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून असूनही आपण दिलेलं मत कुठल्या पक्षाच्या पदरात जाईल याचा भरवसा उरला नाही, तेव्हा माणसं वैतागून घरी बसतात. मला ते समजतं. पण राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये एका मतानं आमदारकी गेली होती.

एजंटांनो, तुमच्यासाठी एक. समोरचा माणूस खरा मतदार नाही असं वाटलं तर मत पडायच्या आधी २ रुपये भरून आक्षेप घेता येतो. त्या सकाळी आक्कांच्या नावावर कुणी सही केली, तेव्हा आम्ही सगळे एजंट तिथंच होतो. कुणीच मान वर केली नाही. मीसुद्धा. ते मला अजून खुपतंय.

पाकीट बंद झाल्यावर आक्कांनी विचारलं, "मग माझं मोजणार न्हाईत?" मी खरं तेच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

२० नोव्हेंबरला विधानसभेला सात वाजता बूथ उघडला, तेव्हा रांगेत पहिल्या आक्काच होत्या.