दुकान घेऊ की नको? पोटात गोळा आला की मी काय करते

सोलापूरच्या बाळीवेशीत गाळा भाड्यानं घ्यायचं चाललं होतं तेव्हा आठ दिवस मला झोप नव्हती. घरी शेंगा चटणी कुटून विकणं वेगळं, दुकान टाकणं वेगळं.

नुसतं 'भीती वाटते' म्हणत बसू नका. कशाची, ते वहीत लिहा. माझ्या तीन ओळी निघाल्या: सासूबाई काय म्हणतील, हात दुखतील, भाडं निघेल का. पहिलीचं उत्तर चहा पिता पिता मिळालं. दुसरीला कुटायला बाई ठेवायची. उरलं भाडं.

ते 6500. किलोमागं मला सुटतात 60. म्हणजे महिन्याला 109 किलो, सुट्ट्या सोडून रोज चार किलोच्या वर. घरून जात होती जेमतेम दोन! गोळा उगाच आला नव्हता तर.

मग आधी चाखून बघा. एका किराणावाल्याकडं महिनाभर पुड्या ठेवल्या, रोज तीन किलो जादा खपली. (गड्ड्याच्या यात्रेतली विक्री धरू नका, तिथं काहीही खपतं.)

सल्ला दुकान चालवणाऱ्या एकालाच विचारा. रात्री दहानंतर काहीच ठरवू नका. सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारून वही उघडा.

आणि तारीख लावा. मी संक्रांतीचा दुसरा दिवस धरला, तर सासूबाई कडाडल्या, "किंक्रांतीला सही करतेस व्हय गं?" एक दिवस पुढं ढकलली.