विशेषांकाचे मुखपृष्ठ नॉर्मन रॉकवेल यांच्या पद्धतीने कसे रंगवावे

सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेच्या विशेषांकाचे मुखपृष्ठ रंगवायचे म्हटले की मंदिर, तलाव आणि नंदीध्वज यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. अशा वेळी नॉर्मन रॉकवेल या अमेरिकन चित्रकाराची पद्धत अवश्य अभ्यासावी. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’वर त्यांचे पहिले मुखपृष्ठ मे १९१६ मध्ये झळकले, तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते, पुढील ४७ वर्षांत त्यांनी त्या साप्ताहिकासाठी ३०० हून अधिक मुखपृष्ठे रंगवली.

सर्वाधिक वेळ प्रसंग शोधण्यास द्यावा. त्या पहिल्या चित्रात सुटाबुटातला एक मुलगा बाबागाडी ढकलतो आहे, बेसबॉलच्या पोशाखातले मित्र त्याची टर उडवत आहेत आणि त्याच्या कोटाच्या वरच्या खिशातून बाळाची दुधाची बाटली डोकावते आहे. त्या बाटलीमुळे त्याची सारी अडचण एका नजरेत कळते. आपल्याकडे आजोबा नातवाच्या बाराबंदीचे, म्हणजे यात्रेतल्या पारंपरिक अंगरख्याचे, बंद बांधत आहेत, असा प्रसंग घेता येईल. बाह्या त्याच्या बोटांपुढे गेलेल्या दाखवल्या, की मोठ्यांचा पोशाख अंगावर चढवून तो प्रथमच निघाला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रसंग ठरला की लहान कच्ची रेखाटने करावीत आणि मासिकाच्या नावासाठी वरची जागा तेव्हाच मोकळी सोडावी. मग ओळखीच्या माणसांना खऱ्या पोशाखात उभे करून भरपूर छायाचित्रे घ्यावीत. रॉकवेल १९३० च्या दशकापासून असेच करत. त्यानंतर ते कोळशाने सविस्तर रेखाटन करून, रंगांचा छोटा नमुना तयार करून, मगच कॅनव्हासवर तैलरंग लावत. हा छोटा नमुना टाळू नये, कारण रंगसंगतीतली चूक तिथे सहज सुधारता येते.

चौकट कुठे कापावी, हे मात्र त्यांच्या उत्तरायुष्यातील कामातून शिकावे. ‘पोस्ट’ सोडल्यानंतर ‘लुक’ या नियतकालिकाच्या जानेवारी १९६४ च्या एका अंकात, आतील पानांवर, त्यांचे जे चित्र आले, त्यात गोऱ्यांच्या शाळेत निघालेली सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी रुबी ब्रिजेस पूर्ण दिसते, तर तिच्या संरक्षणासाठी मागेपुढे चालणाऱ्या चार मार्शलांची (केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांची) डोकी चौकटीबाहेर राहतात, त्यामुळे नजर त्या मुलीवरून हलत नाही. त्याच न्यायाने आजोबांचा चेहरा चौकटीत आला नाही तरी चालेल. बंद बांधणारे हात आणि नातवाचा चेहरा मात्र स्पष्ट दिसायला हवेत.