धार लावायच्या पिशवीत काय काय हवं

खरेदीआधी घरातली पाती तपासा, कारण काय घ्यायचं ते पात्यावरूनच ठरतं. जुन्या कानशीचा कोपरा धारेलगत हलकेच ओढून पाहा. चावला, म्हणजे धातू खरवडला, तर कानस चालेल. नुसताच सटकला तर पातं फार कडक आहे, त्याला दगडच हवा. लोहाराने घडवलेली कुऱ्हाड आणि कोयता बहुधा चावू देतात.

कुऱ्हाडीसाठी ८ किंवा १० इंची चपटी कानस घ्या आणि लाकडी मूठ तिच्यासोबतच घ्या. बिनमुठीच्या कानशीचं शेपूट तळहातात घुसतं. मुठीपुढे जाड पुठ्ठ्याची चकती अडकवली की हात धारेवर जात नाही. कानस पुढे जाताना कापते, म्हणून परतताना उचलायची. दात्यांत अडकलेला कीस पात्यावर ओरखडे पाडतो, त्यासाठी आधी कानशीवर खडू चोळायचा आणि तारेचा ब्रश हाताशी ठेवायचा. कानशीला तेल नको, घसरते. कुऱ्हाड फळीला आवळायला सी-क्लॅम्प लागेल, जाड हातमोजेही.

कोयत्यात लोक फसतात. त्याचं टोक आत वळलेलं असतं. तिथे चपट्या दगडाचे कोपरेच टेकतात आणि वळणातली धार बोथट राहते. अर्धगोल कानस आणि गोल काठाचा छोटा हातदगड एवढं पुरतं. दातेरी विळा मात्र यात धरू नका, घासला की दाते जातात.

सुरीसाठी भरड-बारीक असा दुहेरी कार्बोरंडम दगड, ८ बाय २ इंची. पाण्यावर सुरुवात केली तर पाण्यावरच चालवा. तेल एकदा मुरलं की पाणी धरत नाही. मधे खड्डा पडलेला दगड कडाप्प्यावर ओली वाळू टाकून सपाट होतो. कोन साधारण २० अंश, म्हणजे ३ सेंमी रुंद पात्याची पाठ १ सेंमी उचलायची. कुऱ्हाडीला २५ ते ३० अंश. मार्कर पेनही ठेवा: धारेवर शाई लावून दोनदा घासा, शाई काठापाशी उरली तर पाठ जास्त खाली आहे. पलीकडच्या बाजूला बोटाला खरखर लागली की बाजू बदला. शेवटची खरखर जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट बाजूवर, धार मागे ठेवून, निघते.

बिजलीचा ग्राइंडर यादीत नाही, मुद्दामच. पातळ काठ क्षणात तापतो. निळा पडला की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग ती धार पहिल्याच बाभळीवर दुमडते.