मानसशास्त्राचा प्रकल्प करताय? या चुका टाळा

परीक्षेच्या तोंडावर एम.ए.ची मुलं एक्सेलची फाइल घेऊन येतात. "मॅडम, विश्लेषण तेवढं करून द्या." फाइल न उघडताच मी पहिला प्रश्न विचारते, "उलटी विधानं उलटवलीस का?" समोर शांतता.

रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मापनी (१९६५) सगळ्यांची लाडकी, कारण विधानं दहाच. त्यातली पाच सुलट, पाच उलट, म्हणजे ज्यांना 'सहमत' म्हटलं की आत्मसन्मान कमी असल्याचं कळतं. 'पूर्णपणे सहमत' म्हटल्यावर "मी स्वतःवर समाधानी आहे" याला ४ गुण आणि "मी अगदीच निरुपयोगी आहे असं वाटतं" यालाही ४ गुण देऊन बेरीज मारली, तर काय मोजलं?

एका मुलीने आत्मसन्मान आणि एकाकीपणा यांचा काही संबंधच नाही, असा निष्कर्ष आणला होता. चर्चेचं प्रकरणही तयार! आपल्या एकत्र कुटुंबपद्धतीमुळे असं होतं, असं त्यात पानंच्या पानं भरून लिहिलेलं. मी क्रॉनबाखचा अल्फा विचारला, म्हणजे मापनीची विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. "तो ऋण येत होता, म्हणून घातला नाही." अहो, अल्फा ऋण येतो तेव्हा विधानं एकमेकांविरुद्ध ओढत असतात, आणि बहुतेक वेळा कारण हेच असतं. पाच विधानांचे गुण उलटवले, अल्फा जागेवर आला, अपेक्षित ऋण सहसंबंधही (एक वाढला की दुसरा कमी) दिसला. एकत्र कुटुंबपद्धती निर्दोष सुटली. प्रकरण मात्र पुन्हा लिहावं लागलं.

माझी सवय सांगते. लिंक पाठवण्याआधी फॉर्म मी दोनदा भरते: एकदा स्वतःवर बेहद्द खूश माणूस म्हणून, एकदा स्वतःला कस्पटासमान मानणारा म्हणून. नुसती बेरीज केली तर दोघांनाही २५च गुण मिळतात. बरोबर उलटवलं की ४० आणि १०. मापनी १ ते ४ असेल तर गुण ५ मधून वजा करायचे. कोहेन यांच्या ताण मापनीसारखी ० ते ४ असेल तर ४ मधून. उलटवलेले गुण नव्या स्तंभात ठेवा. मूळ स्तंभावरच लिहिलंत, तर आठवड्याने तुम्हीच ते पुन्हा उलटवाल. आणि उलट्या विधानांचे क्रमांक पाठ करू नका, प्रतीप्रतीत क्रम बदलतो. विधान वाचा.

दुसरी चीड आणणारी गोष्ट: "पी ०.०७ आलाय, अजून थोडे लोक घेते." (पी ०.०५च्या खाली आला तरच निकाल 'सार्थ', म्हणजे निव्वळ योगायोग नसलेला, मानायची प्रथा आहे.) सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांनी २०११ मध्ये दाखवलं, की प्रत्येक गटात २० जण घेऊन निकाल बघायचा आणि जमला नाही तर आणखी १० घ्यायचे, एवढ्यानेच चुकीच्या 'सार्थ' निकालाची शक्यता ५ वरून ७.७ टक्क्यांवर जाते. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर ६० टक्क्यांच्या वर. किती जण घेणार आणि का, हे आधीच लिहून मार्गदर्शकांना ईमेल करून ठेवा. तारीख पडते, मग मोह आवरतो.

बाकीच्या चुका पटापट. व्हॉट्सअॅपच्या गटांवर लिंक टाकलीत तर तो सोयीस्कर नमुना (जे हाताशी सापडले ते), त्याला यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा) म्हणू नका. एकदाच प्रश्नावली भरून घेतली असेल तर शीर्षकात 'परिणाम' नको, 'सहसंबंध' लिहा. फॉर्मच्या माथ्यावर 'चिंता चाचणी' असं ठळक लिहिलंत, तर लोक तुम्हाला हवी ती उत्तरं देऊ लागतात. "आईवडील आणि शिक्षक मला समजून घेतात" हे एक विधान नाही, दोन आहेत.

आणि फॉर्म लॅपटॉपवर बनवून थेट पाठवू नका. चार-पाच जणांना समोर बसवून मोबाइलवर भरून घ्या. सगळी विधानं एकाच तक्त्यात मांडली तर उजवीकडचे पर्याय छोट्या पडद्याबाहेर जातात, 'पूर्णपणे सहमत' कित्येकांना दिसतच नाही. प्रत्येक विधान वेगळा प्रश्न म्हणून टाका. कंटाळा येतो, येऊ दे.